रेकॉर्डिंग स्टुडिओतील कामाचे शिक्षण: घरचा सराव, संस्था आणि उमेदवारी

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा आणि त्याच्या पालकांचा पहिला प्रश्न ‘कोणता कोर्स करावा?’ हा असतो. माझ्या मते तो तिसरा प्रश्न असायला हवा. त्याआधी स्टुडिओतील नेमके कोणते काम करायचे आहे हे ठरवावे लागते, आणि ते काम तासन्‌तास करण्याची आपल्या कानाची व स्वभावाची तयारी आहे का, हे घरच्या घरी थोड्या खर्चात पारखून घ्यावे लागते. हा क्रम उलटा झाला, की मोठे शुल्क भरून वर्षभराने विद्यार्थ्याच्या लक्षात येते की आपल्याला गाणे ऐकायला आवडत होते, एकच ओळ चाळीस वेळा ऐकायला नव्हे. म्हणून पुढील मांडणी मी त्याच क्रमाने केली आहे.

कोणते काम?

‘साउंड इंजिनिअर’ या एका नावाखाली बरीच वेगवेगळी कामे चालतात. गाण्याचे रेकॉर्डिंग करणारा, चित्रपट किंवा मालिकेचे डबिंग घेणारा, पावलांचे आणि भांड्यांचे आवाज तयार करणारा फोली कलाकार, संवादांचे ट्रॅक स्वच्छ करणारा साउंड एडिटर, सगळे एकत्र बांधणारा मिक्सिंग इंजिनिअर आणि गाण्याला अखेरचा हात देणारा मास्टरिंग इंजिनिअर यांचे दिवस एकमेकांसारखे नसतात. चित्रपटाच्या अंतिम मिक्सिंगचे काम परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांनी अनेक वर्षे केले आणि ध्वनितंत्रज्ञाचे नाव पडद्यामागेही आदराने घेतले जाऊ शकते हे दाखवून दिले; पण त्या खुर्चीपर्यंत कोणीही थेट पोहोचत नाही.

नवशिक्याला मी सहसा आवाजाच्या रेकॉर्डिंगपासून सुरुवात करायला सांगतो. मुंबईत डबिंगचे काम सतत चालू असते, ओटीटी मंचांमुळे मराठीतही ते वाढले आहे, आणि २०१७ मध्ये स्टोरीटेल ही ऑडिओबुक सेवा भारतात आल्यापासून मराठी पुस्तकांच्या वाचनाचे रेकॉर्डिंग हा मुंबई-पुण्यातील स्टुडिओंचा नियमित व्यवसाय झाला आहे. काही विद्यार्थी या कामाकडे कमी दर्जाचे म्हणून पाहतात, ते चुकते. वाचकाच्या ओठांचा ‘चट’ आवाज, ‘प’ आणि ‘फ’वर माइकवर आदळणारी हवा, खुर्चीची करकर, पानाची सळसळ आणि दुपारच्या जेवणानंतर जड झालेला आवाज हे सगळे ज्याला पहिल्या ऐकण्यातच टिपता येते, त्याचा कान गाण्याच्या रेकॉर्डिंगलाही तयार झालेला असतो. शिवाय येथे मोजमापांची शिस्त अंगवळणी पडते. ऑडिओबुकसाठी शांततेतील पार्श्वगोंगाट उणे ६० डेसिबलच्या खाली असावा लागतो, दूरचित्रवाणीसाठी युरोपीय प्रमाणानुसार सरासरी पातळी उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक) धरतात, तर नेटफ्लिक्स संवादांची पातळी उणे २७ च्या आसपास मागते. हे आकडे पाठ करण्यासाठी नाहीत. ज्याच्याकडे काम सोपवायचे आहे त्याची अट आधी विचारून घ्यायची सवय लागावी, यासाठी आहेत.

पहिले सहा महिने घरी

संस्थेचा अर्ज भरण्याआधी किमान सहा महिने घरी काम करावे. त्यासाठी दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारे उपकरण), एक डायनॅमिक माइक, कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि घरातला संगणक एवढे पुरते. शुअरचा एसएम ५७ किंवा एसएम ५८ घेतला तर तो पुढे वीस वर्षे उपयोगी पडतो, त्यामुळे माइकवर थोडा जास्त खर्च करावा आणि बाकीचे साहित्य वापरलेले मिळाले तरी चालवून घ्यावे. सॉफ्टवेअरचा खर्च सुरुवातीला करू नये. रीपर ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते आणि त्यानंतरचा वैयक्तिक परवानाही स्वस्त आहे. प्रो टूल्सची ‘इंट्रो’ ही विनामूल्य आवृत्ती ८ ऑडिओ ट्रॅकपुरती मर्यादित असली, तरी मुंबईतील बहुतेक मोठ्या स्टुडिओंत जे सॉफ्टवेअर भेटणार आहे त्याची ओळख तिच्यातून होते.

पहिला सराव अंतराचा आहे. घरातल्या कोणालाही एक परिच्छेद वाचायला सांगावा आणि माइक तोंडापासून एक वीत, दोन वीत व चार वीत अंतरावर ठेवून तीन वेळा रेकॉर्ड करावा. जवळच्या टेकमध्ये (टेक म्हणजे एका वेळचे रेकॉर्डिंग) खर्जाचा फुगवटा येतो, लांबच्या टेकमध्ये खोली ऐकू येते. नंतर तोच परिच्छेद स्वयंपाकघरात, कपड्यांच्या कपाटासमोर आणि जिन्यात रेकॉर्ड करावा. हे एवढे केल्यावर ‘चांगला माइक कोणता’ या प्रश्नाचे महत्त्व आपोआप कमी होते, कारण खोली आणि अंतर यांनी केलेला फरक माइकच्या किमतीने केलेल्या फरकापेक्षा मोठा असल्याचे स्वतःच्या कानांनी कळते.

दुसरा सराव कानाचा आहे आणि तो रोज, अर्धा तास, रियाजासारखा करायचा आहे. ओळखीच्या गाण्यावर इक्वलायझर (आवाजातील ठरावीक कंप्रतेचा भाग कमी-जास्त करणारे साधन) लावून १०० हर्ट्‌झ, २५० हर्ट्‌झ, १ किलोहर्ट्‌झ, ४ किलोहर्ट्‌झ आणि १० किलोहर्ट्‌झ या जागा एकेक करून उचलाव्यात, त्यांना स्वतःच्या भाषेत नावे द्यावीत (माझ्या वहीत २५० ला ‘माठात बोलल्यासारखे’ आणि ४ किलोहर्ट्‌झला ‘टोचरे’ असे लिहिलेले आहे), आणि नंतर मित्राने न सांगता उचललेली जागा ओळखावी. तीन-चार महिन्यांत दहापैकी सहा-सात ओळखता येऊ लागतात. हे कौशल्य कोणतीही संस्था शुल्क घेऊन देऊ शकत नाही.

तिसरा सराव म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या रेकॉर्डिंगचे मिक्सिंग. केंब्रिज म्युझिक टेक्नॉलॉजीच्या संकेतस्थळावर गाण्यांचे सुटे ट्रॅक अभ्यासासाठी विनामूल्य मिळतात. पहिल्या दहा गाण्यांवर कोणताही प्लगइन (आवाज बदलणारे जोड-सॉफ्टवेअर) न लावता, फक्त फेडर (ट्रॅकची पातळी कमी-जास्त करणारी सरकपट्टी) आणि डावी-उजवी जागा यांवर समतोल साधावा. हा नियम मी आग्रहाने सांगतो, कारण प्लगइनची नावे माहीत असलेले आणि समतोल न जमणारे विद्यार्थी मी फार पाहिले आहेत.

आवाजाची पातळी मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळावी. अमेरिकेच्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल पातळीवर दिवसाला आठ तास ही मर्यादा आहे आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबल वाढीला ती निम्मी होते. म्हणजे ९१ डेसिबलवर दोनच तास. कान गेले तर या व्यवसायात दुसरे भांडवल उरत नाही.

भौतिकशास्त्र आणि सोल्डरिंग

शाळेत मागे टाकलेले भौतिकशास्त्र येथे परत भेटते, आणि आता ते उपयोगाचे असल्यामुळे सोपे वाटते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. एकाच ढोलकीवर लावलेल्या दोन माइकांपैकी एक ३४ सेंटिमीटर मागे असेल आणि दोघांचे आवाज एकत्र केले, तर ५०० हर्ट्‌झच्या आसपासचा भाग एकमेकांना मारतो आणि ढोलकी पोकळ वाटते. ५० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी जवळपास सात मीटर भरते. म्हणून तीन मीटरच्या खोलीत खर्ज एका कोपऱ्यात गडगडतो आणि दुसरीकडे गायब होतो, आणि अशा खोलीत केलेले मिक्स बाहेर गाडीत ऐकल्यावर फसते. ही गणिते वहीत स्वतः करून पाहिली, की अकूस्टिक्सवरची व्याख्याने पुढे निम्म्या वेळात समजतात.

विजेचे ज्ञान तितकेच आवश्यक आहे. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने अर्थिंग बिघडले की ५० आणि १०० हर्ट्‌झची गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये येते, आणि ती कोणत्या उपकरणातून येते हे एकेक केबल काढून शोधण्याची पद्धत असते. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज) लागतो. तो चालू-बंद करण्याआधी स्पीकरचा आवाज खाली घ्यायचा, आणि जुना रिबन माइक जोडलेला असेल तर वरिष्ठांना विचारल्याशिवाय त्या बटणाला हात लावायचा नाही. स्वतः सोल्डर करून एक्सएलआर केबल (माइकची तीन पिनांची केबल) तयार करता आणि दुरुस्त करता येणारा उमेदवार कोणत्याही स्टुडिओला हवा असतो. ज्यांची आर्थिक परिस्थिती मोठ्या संस्थेला परवानगी देत नाही, त्यांनी आयटीआयमधील इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि सोबत घरचा सराव हा मार्ग गांभीर्याने विचारात घ्यावा. दुरुस्ती येते म्हणून स्टुडिओत प्रवेश मिळाला आणि कान तयार आहेत म्हणून पुढे रेकॉर्डिस्टच्या खुर्चीत बसता आले, हा प्रवास अशक्य नाही.

सूर, ताल आणि आपले संगीत

इंग्रजी माध्यमातील बहुतेक अभ्यासक्रम ड्रम, गिटार आणि बँड यांना समोर ठेवून आखलेले असतात, तर आपल्या स्टुडिओंत अभंग, भावगीत, लावणी, नाट्यपद आणि बैठकीचे गाणे येते. गायिका ‘काळी चार’ (पेटीवरची चौथी काळी पट्टी) म्हणाली की तिचा षड्ज जी शार्प आहे, हे क्षणात कळायला हवे. तबलजी ‘दुसऱ्या आवर्तनाच्या समेपासून पंच करा’ (म्हणजे चालू गाण्यात नेमक्या तिथून नवे रेकॉर्डिंग सुरू करा) म्हणाले, तर सोळा मात्रांचा त्रिताल मनात मोजता आला पाहिजे, आणि सात मात्रांच्या रूपकात ‘खाली’ (टाळी नसलेली जागा) पहिल्याच मात्रेवर येते हे माहीत असल्याशिवाय बोट नेमक्या जागी पडत नाही. त्यासाठी गायक होण्याची गरज नाही. वर्ष-दोन वर्षे तबला किंवा पेटी शिकणे पुरेसे आहे, आणि माझ्या मते हे शिक्षण रेकॉर्डिंगच्या शिक्षणाइतकेच मोलाचे आहे.

वाद्यांचे स्वभावही शिकावे लागतात. तानपुऱ्याची जवारी आणि तिची लांबणारी आस हाच त्याचा जीव आहे. तिथे नॉईज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करणारे साधन) लावला की आस कापली जाते. पेटीच्या भात्याचा श्वास माइक थोडा हलवून टाळता येतो, नंतर संगणकावर पुसता येत नाही. तबल्याच्या दायाँ-बायाँला दोन माइक लावले, तर एकाची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून आणि मोनोमध्ये ऐकून कोणत्या स्थितीत बायाँचा घुमारा भरीव राहतो ते आधी तपासावे. शास्त्रीय गायकाच्या मींडेवर पिच करेक्शन (सूर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर) आंधळेपणाने चालवले की दोन स्वरांमधला सगळा प्रवास पायऱ्यांसारखा होतो, आणि गायकाचा आपल्यावरचा विश्वास तिथेच संपतो.

संस्था निवडताना

या सगळ्यानंतरही शिकायची ओढ कायम असेल, तर संस्थेकडे वळावे. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जागेवर १९६० मध्ये सुरू झालेली फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, आणि कोलकात्याची १९९५ मध्ये स्थापन झालेली सत्यजित राय फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, या दोन सरकारी संस्थांत ध्वनी विषयाचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्यासाठी पदवी, प्रवेश परीक्षा आणि मुलाखत लागते, आणि ध्वनी विभागासाठी बारावीपर्यंत भौतिकशास्त्र असण्याची अट घालतात. म्हणून अकरावीला विषय निवडतानाच हे लक्षात ठेवावे आणि त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे. जागा मोजक्या असतात. ‘स्लमडॉग मिलिअनेअर’च्या ध्वनिमिश्रणासाठी २००९ मध्ये ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी हे पुण्याच्याच संस्थेचे विद्यार्थी. या अभ्यासक्रमांचा कल चित्रपटाकडे आहे, हे ध्यानात घेऊन अर्ज करावा. तीन वर्षे देणे शक्य नसलेल्यांसाठी पुण्याची संस्था अल्पमुदतीचे वर्गही चालवते.

संगीताकडे अधिक ओढा असलेल्यांसाठी ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये चेन्नईत सुरू केलेली केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे. मुंबईत गोरेगावच्या चित्रनगरीतील व्हिसलिंग वूड्‌स आणि इतर खासगी संस्था आहेत. खासगी संस्थांचे शुल्क जास्त असते आणि दर्जा सारखा नसतो, म्हणून कोणत्याही संस्थेला प्रत्यक्ष भेट दिल्याशिवाय पैसे भरू नयेत. भेटीत पहिली गोष्ट विचारावी ती ही, की एका विद्यार्थ्याला वर्षभरात स्टुडिओची खोली स्वतःच्या जबाबदारीवर किती तास मिळते. पाठीमागे उभे राहून पाहण्याचे तास यात धरू नयेत. चाळीस विद्यार्थ्यांना एकच कन्सोल असेल, तर उत्तर आपणच काढू शकतो. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी खोली उघडी असते का, शिकवणारे अजूनही व्यवसायात काम करतात का, खरे वादक विद्यार्थ्यांच्या सत्रांना येतात का, आणि मागील वर्षीचे दोन विद्यार्थी आज कुठे काम करतात, त्यांच्याशी बोलता येईल का, हेही विचारावे. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर तिथून परत यावे. ‘शंभर टक्के नोकरी’ अशी जाहिरात करणाऱ्या ठिकाणी मी माझ्या नात्यातल्या कोणालाही पाठवणार नाही.

अ‍ॅव्हिडची प्रो टूल्स प्रमाणपत्रे किंवा संगणक-जाळ्यावरून आवाज वाहून नेण्याच्या तंत्राचे ऑडिनेटचे विनामूल्य ‘डँटे’ प्रमाणपत्र यांचा उपयोग होतो, मात्र ती पूरक समजावीत. परदेशी जाण्याचा विचार असेल, तर इंग्लंडच्या सरे विद्यापीठातील टोनमायस्टर अभ्यासक्रमाची रचना पाहण्यासारखी आहे: त्यात संगीत, ध्वनिविज्ञान आणि व्यवसायातील प्रत्यक्ष कामाचे पूर्ण वर्ष ही तिन्ही अंगे आहेत. कर्ज काढून परदेशी जाण्याआधी परतफेडीचा हप्ता आणि येथील सहायकाची सुरुवातीची मिळकत यांचा हिशेब कागदावर मांडावा. हा हिशेब बहुतेक घरांत जुळत नाही, आणि तो आधी मांडणे हे कुटुंबावरील प्रेमाचेच काम आहे.

उमेदवारी

पूर्वी महबूब स्टुडिओ किंवा ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या ठिकाणी पूर्ण वाद्यवृंद एका हॉलमध्ये बसत असे आणि त्याला हाताखाली बरीच माणसे लागत. केबल टाकता टाकता, माइक उचलता उचलता मुले काम शिकत. आज बहुतेक काम अंधेरी, गोरेगाव किंवा कोथरूडच्या लहान खोल्यांत, एकट्या माणसाच्या संगणकावर होते, त्यामुळे उमेदवारीच्या जागा घटल्या आहेत आणि त्या मागून मिळवाव्या लागतात. पन्नास स्टुडिओंना एकसारखा ईमेल पाठवून सहसा काही साधत नाही. पाच स्टुडिओ निवडावेत, तिथे झालेले काम ऐकावे, आणि सकाळची शिफ्ट सुरू होण्याच्या बऱ्याच आधी प्रत्यक्ष जाऊन, दोन मिनिटांत, आपल्याला काय येते आणि आठवड्याचे कोणते दिवस देता येतील एवढे सांगावे. सोबत स्वतः केलेली तीनच रेकॉर्डिंग न्यावीत.

पहिले काही महिने चहा सांगणे, केबल गुंडाळणे, स्टँड लावणे आणि वादकांच्या जागा मांडणे हेच काम असते. ते मन लावून करावे. केबल एक वेढा सरळ आणि एक उलटा अशी गुंडाळली, तर ती पीळ न पडता उलगडते. हे न येणाऱ्याला जुने रेकॉर्डिस्ट माइकला हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. गायकाच्या हेडफोनमध्ये त्याला हवा तसा समतोल देणे ही सहायकाची खरी परीक्षा असते: सूर खाली लागत असेल तर अनेकदा दोष गळ्याचा नसतो, हेडफोनमधला आवाज फार मोठा किंवा तानपुरा फार लहान असतो. कंट्रोल रूममध्ये मत विचारल्याशिवाय देऊ नये, गायकाच्या चुकीवर हसू नये, आणि खोलीत ऐकलेले गाणे वा बोलणे बाहेर नेऊ नये.

फायलींची शिस्त मी फार महाग किमतीला शिकलो. उमेदवारीच्या पहिल्या वर्षी एका भक्तिगीताचे रेकॉर्डिंग संपल्यावर डिस्कवर जागा हवी म्हणून मी ‘वापरात नसलेले’ टेक पुसले. दुसऱ्या दिवशी गायिकेने अंतऱ्याचा पहिलाच टेक मागितला. त्या टेकमध्ये एका शब्दावर तिचा आवाज किंचित भरून आला होता, आणि तो पुन्हा तसा आला नाही. तेव्हापासून काहीही पुसण्याआधी तीन प्रती, त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत, हा माझा नियम आहे. ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटवर एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट घेतो; पाच मिनिटांचे चाळीस ट्रॅकचे गाणे पावणेदोन गिगाबाइटच्या आसपास जाते. एवढ्याशा जागेसाठी कोणाचेही गाणे पणाला लावू नये. प्रत्येक फायलीला गाणे, वाद्य, टेक क्रमांक आणि तारीख अशा क्रमाने नाव द्यावे, आणि सत्राच्या कागदावर पट्टी, लय, माइक आणि त्याची जागा लिहून ठेवावी, कारण महिनाभराने एकच ओळ बदलायला गायक परत येतो आणि आवाज जुळवावा लागतो.

पैशांविषयी पहिल्याच आठवड्यात स्पष्ट बोलावे. महिना-दोन महिने विनामूल्य शिकणे समजू शकते, पण प्रवासखर्च आणि जेवणही न देता वर्षभर राबवून घेणाऱ्या ठिकाणी थांबू नये. मुली या क्षेत्रात अजून कमी आहेत. रात्री उशिरा संपणाऱ्या शिफ्टनंतर घरी सोडण्याची व्यवस्था कोणाकडे आहे हे त्यांनी आणि त्यांच्या पालकांनी आधीच विचारावे, आणि चांगला स्टुडिओ या प्रश्नाने नाराज होत नाही.

स्वतंत्र काम

वर्ष-दीड वर्षाने मालकाच्या परवानगीने, रिकाम्या वेळेत, आपल्या ओळखीच्या गायक-वादकांना आणून रेकॉर्डिंग करायला मिळते. त्याआधी खोलीचे पैसे कोण देणार, वीज आणि वेळ किती, आणि झालेल्या रेकॉर्डिंगवर हक्क कोणाचा, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. चित्रपट आणि मालिकांच्या कामाकडे वळणाऱ्यांनी मुंबईतील वेस्टर्न इंडिया मोशन पिक्चर अँड टीव्ही साउंड इंजिनिअर्स असोसिएशन या संघटनेच्या सदस्यत्वाची माहिती वेळेत घ्यावी, कारण मोठ्या निर्मितीसंस्थांत सदस्यत्वाबद्दल विचारणा होते. पहिल्या स्वतंत्र कामासाठी शक्यतो असे गाणे निवडावे, ज्यात एक आवाज, एक पेटी आणि एक तबला आहे. तिथे लपायला जागा नसते, आणि तानपुऱ्यासह चार-पाच माइकांत ते नीट उभे राहिले, तर पुढच्या महिन्यात त्याच गायकाचा फोन येतो.